जर्मनीची वजाबाकी

जर्मनीने कार्बन-तटस्थतेची निम्मी वाट चालून संपविली असून आपण अद्याप उंबरठ्यावर वहाणा शोधीत उभे आहोत, अशा अर्थाचे एक वाक्य आमच्याकडील पर्यावरणविषयक लेखनात अलीकडे इतके रूढ झाले आहे की, ते प्रथम कोणी लिहिले याचा शोध घेणे व्यर्थ ठरावे. मला त्याची झळ लागली ती मात्र एका विशिष्ट निमित्ताने. एका प्रतिष्ठित मासिकात एका निवृत्त प्राध्यापकमहाशयांनी जर्मनीचा गौरव करणारा प्रदीर्घ लेख लिहिला. त्यावर मी चार ओळींची पृच्छा केली की, आपण दिलेली ४८ टक्क्यांची घट कोणत्या वर्षापासून मोजावयाची. आणि उत्तरादाखल मला असे कळविण्यात आले की, आकड्यांविषयी संशय उत्पन्न करणे ही प्रगतिविरोधकांची जुनीच युक्ती होय. प्रश्न तेवढा अनुत्तरित राहिला. प्राध्यापकमहाशयांना सवड नसेल, मला आहे. तेव्हा हा हिशेब आता मीच मांडतो.

आकडा खोटा नाही. १९९० साली जर्मनीतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे १२५० दशलक्ष टन होते, २०२४ साली ते ६४९ दशलक्ष टनांवर उतरले, आणि या दोहोंतील अंतर ४८ टक्के भरते हे शाळकरी पोरही सांगेल. १९९० हे आधारवर्ष जर्मनीने कपटाने निवडले असेही नव्हे. क्योटोच्या तहनाम्यात तेच वर्ष बहुतेक औद्योगिक राष्ट्रांना लागू होते. परंतु इतर राष्ट्रांच्या दृष्टीने जे केवळ एक साल होते, ते जर्मनीच्या दृष्टीने राज्यक्रांतीचे साल होते. त्या वर्षीच्या ३ ऑक्टोबरला पूर्व जर्मनी पश्चिमेत विलीन झाला, आणि विलीन होताना आपली सारी धुरांडी त्याने नव्या राष्ट्राच्या खात्यावर जमा केली. दीड-पावणेदोन कोटी वस्तीचा तो चिमुकला देश वर्षाकाठी सुमारे ३०० दशलक्ष टन तपकिरी कोळसा उपसून त्या एका बाबतीत जगात पहिला क्रमांक राखून होता. आणि हा कोळसा असा की, त्याचे निम्मे वजन पाण्याचे असते, म्हणजे उष्णतेचा काही भाग स्वतःला वाळविण्यातच खर्ची पडतो. विलीनीकरणाच्या सुमारास ही सारी मालमत्ता ट्रॉयहांड नामक सरकारी विश्वस्त संस्थेच्या ताब्यात गेली, खुल्या बाजाराच्या वाऱ्यात जुने कारखाने पटापट मिटले, आणि पहिल्या पाचच वर्षांत राष्ट्राच्या उत्सर्जनातून सुमारे सव्वाशे दशलक्ष टनांची वजाबाकी झाली. त्याच ओघात पूर्वेकडील कोळसाखाणींत राबणाऱ्या लाखभर माणसांपैकी बहुतेकांची रोजी गेली. वातावरणाला हेतू कळत नसल्यामुळे त्याला ही वजाबाकी लाभली यात शंका नाही. परंतु तिला धोरणाचे यश म्हणणे म्हणजे दुष्काळातल्या उपासमारीला एकादशीचे पुण्य लावणे होय.

हे झाले हिशेबाच्या आरंभाचे. आता त्याचा शेवट पाहा. २०२३ या एका वर्षात जर्मनीचे उत्सर्जन दहा टक्क्यांनी घटले आणि आमच्याकडील गौरवलेखकांना भरते आले. या घटीमागचे एक कारण मात्र असे. रशियाने २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनवर चढाई केली त्यापूर्वी जर्मनी आपल्या गरजेचा निम्म्याहून अधिक नैसर्गिक वायू रशियाकडून घेत होती; तो बंद पडल्यावर वायूचे भाव गगनाला भिडले, आणि रसायने, काच, कागद, धातू असे जे जे उद्योग उष्णतेवर जगतात त्यांनी उत्पादन आवरते घेतले. ऱ्हाइनच्या काठी लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफ या रसायन-कंपनीचे अवाढव्य संकुल आहे. तेथील अमोनियाच्या दोन संयंत्रांपैकी एक बंद करण्याचा निर्णय कंपनीने २०२३च्या फेब्रुवारीत जाहीर केला, आणि त्याच सुमारास दक्षिण चीनमधील झांजियांग येथे तीच कंपनी दहा अब्ज युरोपर्यंतच्या खर्चाचे नवे संकुल उभारीत होती. जर्मनीच्या वहीतून जे वजा झाले त्यातले काही चीनच्या वहीत जमा होणार, आणि पृथ्वीची बाकी जवळपास तीच राहणार. हिशेबतपासनिसाने अशा वहीवर शेरा मारला असता. आमच्या प्राध्यापकांनी तिला हार घातला.

येथवर लिहून थांबावे असा मोह होतो, कारण प्रतिपक्ष चीत झाल्याचा आनंद मिळालेला आहे. परंतु आरंभ आणि शेवट वजा केल्यावर मधला जो भाग उरतो, तो लटका नाही. २००० साली जर्मनीच्या संसदेने नवीकरणीय ऊर्जेचा कायदा संमत केला. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे हेर्मान शेअर आणि ग्रीन पक्षाचे हान्स-योसेफ फेल हे त्याचे प्रमुख शिल्पकार. आमच्या शेतकऱ्याला ज्याची आस असते तो हमीभाव त्यांनी विजेला देऊ केला: कोणीही आपल्या छपरावर सूर्याची वीज निर्माण करावी, ती ग्रीडमध्ये सोडावी, आणि वीस वर्षेपर्यंत ठरलेला भाव घ्यावा. छपरावरच्या विजेचा तो भाव आरंभी युनिटला ९९ फेनिग, म्हणजे अर्धा युरो होता. बाजारभावाच्या कैक पट. भार पडणार होता तो सामान्य ग्राहकाच्या बिलावर. २००४ साली पर्यावरणमंत्री युर्गन ट्रिटीन यांनी हा भार सरासरी कुटुंबाला महिन्याला एका आइस्क्रीमच्या गोळ्याएवढाच पडेल असे आश्वासन दिले. २०१७ साली अधिभार युनिटला ६.८८ सेंटवर गेला तेव्हा, वर्षाला साडेतीन हजार युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाचा तो गोळा महिन्याला वीस युरोंचा झाला होता. मंत्र्यांच्या उपमा जपून ऐकाव्यात. तथापि २००० साली विजेच्या एकूण वापरात नवीकरणीय स्रोतांचा जो हिस्सा सहा टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२४ साली निम्म्याच्या वर गेला; आणि १९९० साली पावणेपाचशे दशलक्ष टनांच्या घरात असलेले ऊर्जाक्षेत्राचे उत्सर्जन २०२४ साली १८५ दशलक्ष टनांवर आले. हे कोणत्याही दुष्काळाचे पुण्य नव्हे. हा राबवून घेतलेला कायदा आहे.

या ठिकाणी दुसऱ्या टोळीचा समाचार थोडक्यात घेणे प्राप्त आहे. ही टोळी उपहासकांची. जर्मनीने अणुभट्ट्या बंद करून कोळसा पेटविला, सबब हा सारा खटाटोप म्हणजे राष्ट्रीय वेडाचार, असे तिचे प्रतिपादन. शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या हे खरे. परंतु त्या वर्षी कोळशाची वीज वाढली नाही, मोठ्या प्रमाणात घटली, आणि तुटीचा काही भाग शेजारी देशांच्या विजेने भरून निघाला. उपहासकांचे म्हणणे निराळ्या रीतीने मांडले तर मात्र ते टिकते. २००० साली अणुऊर्जा देशाची जवळजवळ तीस टक्के वीज पुरवीत होती. पुढील दोन दशकांत पवन आणि सूर्य यांनी जे मिळविले त्यातला मोठा वाटा अणूची जागा भरण्यात गेला, आणि कोळशाच्या वाट्याची कपात तेवढी लांबली. कोळसा आधी आणि अणू मागाहून, हा क्रम योग्य होता. फुकुशिमानंतरच्या भयात आंगेला मेर्केल यांनी तो उलटा केला, आणि निवडणुका जवळ असताना लोकांचे भय हाच राजनीतीचा पाया ठरतो याचा हा नमुना होय.

कोळशाचा हा लांबलेला अस्त जवळून कसा दिसतो हे ल्युत्सेराट या खेड्यात पाहावयास मिळाले. कोलोनच्या वायव्येला गार्त्सवायलरची उघडी खाण आहे. तेथे तेरा हजार टनांहून जड असे चक्री खनकयंत्र सुपीक काळी माती एका बाजूला सारीत, गावामागून गाव गिळीत, दर दिवशी काही हातांनी पुढे सरकते. या खाणीच्या ऐन काठावर ल्युत्सेराट होते. २०२२च्या ऑक्टोबरात सरकार आणि आरडब्ल्यूई कंपनी यांच्यात तडजोड झाली: पश्चिमेकडील कोळसा २०३८ऐवजी २०३० सालीच बंद करावयाचा, पाच खेडी वाचवावयाची, आणि मोबदल्यात हे एक खेडे खाणीला द्यावयाचे. तडजोडीवर सह्या करणारे केंद्रातील आणि प्रांतातील दोन्ही मंत्री ग्रीन पक्षाचे होते. २०२३च्या जानेवारीत पोलिसांनी वेढा दिला. झाडांवर बांधलेल्या मचाणांतून, ओसाड घरांच्या माळ्यांवरून तरुणतरुणींना खाली उतरविण्यात आले. हजारो निदर्शक गुडघाभर चिखलात उभे राहिले, आणि त्या चिखलात रुतलेल्या पोलिसांची फजिती साऱ्या जगाने चलच्चित्रांतून पाहिली. काही दिवसांत खेडे भुईसपाट झाले. त्याच वर्षी खाणीच्या वाटेत आल्या म्हणून जवळच्या काही जुन्या पवनचक्क्याही उतरविण्यात आल्या. प्रहसनकाराने असा प्रसंग लिहिला असता तर समीक्षकांनी अतिशयोक्तीचा दोष दिला असता. परंतु आठ वर्षे आधी बंद होणारी खाण आणि एक खेडे यांची तुलना करू लागले की, ती तडजोड करणाऱ्यांना सरसकट ढोंगी म्हणणे मला जमत नाही.

आता मी ज्या गृहस्थांकडे वळतो त्यांना माझी बरीचशी जागा द्यावयाची आहे, कारण या सर्व वादात विचार करावयास भाग पाडणारा प्रतिवादी मला त्यांच्या रूपाने एकच भेटला. हान्स-वेर्नर झिन हे म्युनिकच्या इफो या अर्थसंशोधन संस्थेचे १९९९पासून २०१६पर्यंत अध्यक्ष होते. मिशीवाचून दाढी राखणारे, स्पष्टवक्ते, आणि सरकारी पुरोगामित्वाला नेमक्या अवघड जागी टोचण्यात निष्णात. २००८ साली त्यांनी हरित विरोधाभासावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा इतका साधा आहे की, तो आधी कोणाच्या कसा लक्षात आला नाही याचे नवल वाटते. हवामानविषयक सर्व धोरणे, ते म्हणतात, इंधन खरेदी करणाऱ्याला उपदेश करतात. विकणाऱ्याला कोणी विचारीतच नाही. जर्मनीने तेलाचे एक पिंप कमी विकत घेतले म्हणून ते पिंप विहिरीत परत जात नाही. मागणी घटते, भाव उतरतो, आणि उतरलेल्या भावाने ते पिंप दुसरा कोणी घेतो. म्हणजे जर्मन नागरिकाने अधिभार भरून केलेल्या त्यागाचे फळ म्हणून परक्या मुलखातील मोटारीला स्वस्त पेट्रोल मिळते.

याहून खोचक आहे तो त्यांचा दुसरा मुद्दा. हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थवेत्त्याने १९३१ साली दाखवून दिले होते की, खाणीचा मालक माल आज उपसावा की उद्यासाठी जमिनीत राखावा याचा निर्णय उद्याच्या भावाकडे पाहून करतो. झिन यांनी हेच सूत्र उचलले. तीस वर्षांनी तुमच्या मालाला गिऱ्हाईक उरणार नाही अशी दवंडी युरोप आज पिटीत असेल, तर विहिरीच्या मालकाने काय करावे? शहाणा असेल तर तो आजच अधिक उपसील. हरित धोरणाची नुसती घोषणा इंधनाचे ज्वलन लांबविण्याऐवजी जवळ आणील. जोडीला त्यांनी आणखी एक काटा रोवला: २००५पासून युरोपीय संघात वीजनिर्मिती आणि अवजड उद्योग यांच्या उत्सर्जनावर एकत्रित मर्यादा असून तिच्यात परवान्यांची खरेदी-विक्री चालते, तेव्हा जर्मनीत पवनचक्की उभी राहिल्याने वाचलेले परवाने दुसऱ्या देशातील कोळशाच्या केंद्राने विकत घेतले, तर जर्मन पवनचक्कीने जर्मन वही तेवढी उजळ झाली, वातावरण होते तेथेच राहिले.

हा युक्तिवाद मी प्रथम वाचला तेव्हा मला मनस्वी आनंद झाला हे लपवून ठेवीत नाही. कारण आमच्या गौरवलेखकांच्या विरुद्ध याहून धारदार शस्त्र मिळणे कठीण. पण शस्त्र हाती घेऊन चालविण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी हा शिरस्ता आहे, आणि परीक्षा करू लागताच त्याची धार काही ठिकाणी बोथट निघते. झिन यांचे सारे गणित तेलाभोवती रचलेले आहे: जे जहाजातून कोठेही जाते, आणि अरबस्तानात जे काढण्याचा खर्च इतका अल्प की, भाव कितीही पडला तरी विकणे परवडते. जर्मनीने जो जिन्नस प्रामुख्याने जमिनीत सोडावयाचा ठरविला तो मात्र तपकिरी कोळसा, आणि निम्मे पाणी असलेला हा कोळसा वाहून नेणे कोणालाच परवडत नसल्यामुळे तो खाणीच्या पायथ्याशीच जाळावा लागतो. पूर्वेकडील लाउझित्सच्या खाणीत राहिलेले ढेकूळ बांगलादेशातील वा ब्राझिलमधील कोणीही स्वस्तात घेणार नाही; ते राहिले ते राहिलेच. परवान्यांच्या काट्याचीही तीच गत. २०१९पासून युरोपीय संघ बाजारातील फाजील परवाने एका राखीव कोठारात ओढू लागला, २०२३पासून त्या कोठारातील जादा परवाने बाद होऊ लागले, आणि जर्मनीच्या २०२०च्या कोळसा-कायद्यात बंद केंद्रांचे परवाने रद्द करण्याची तरतूद आहे. झिन यांनी ही टीका ज्या दिवशी केली त्या दिवशी ती खरी होती. तिच्यामुळेच की काय, कायदे बदलले.

परंतु त्यांच्या युक्तिवादातील सर्वांत मोठे छिद्र वेगळेच आहे, आणि त्यातून पाहू लागल्यावर माझा स्वतःचा रोख फिरला. झिन यांना जर्मन ग्राहक दिसतो तो एका मालाची मागणी घटविणारा म्हणून. त्याच ग्राहकाने दुसऱ्या मालाची मागणी वाढविली हे त्यांच्या तराजूत बसत नाही. वीस वर्षांच्या हमीभावामुळे जर्मनी ही सौरपट्ट्यांची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ झाली. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत तेथे दरवर्षी साडेसात हजार मेगावॉटच्या आसपास सौरक्षमता बसली, आणि तीही वर्षातून कित्येक महिने मळभ असलेल्या देशात. या गिऱ्हाइकीच्या भरवशावर चीनमध्ये वुशी आणि अन्यत्र कारखाने उभे राहिले. त्यांतील यंत्रसामग्रीचा बराचसा भाग जर्मनीतूनच गेलेला होता. माल वाढत गेला तसतसा हात बसत गेला, हात बसला तसतसा भाव पडला, आणि २०१० ते २०२० या दशकात सौरपट्ट्यांची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. म्हणजे जर्मनीच्या विधवा आणि पेन्शनर यांनी बिलातून जो अधिभार मुकाट्याने भरला, त्यातून एका तान्ह्या धंद्याचे बाळसे उभे राहिले, आणि तो धंदा पुढे साऱ्या जगाच्या उपयोगी पडला.

याचा दाखला आमच्याच मुलखात आहे. २०१० साली भारताच्या राष्ट्रीय सौर अभियानातील पहिल्या बोलीत विजेचा भाव युनिटला दहा-बारा रुपयांच्या आसपास निघाला होता. २०१७च्या मे महिन्यात राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा जो सौर प्रकल्प २०१३च्या सुमारास सुरू झाला, त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेने कर्ज दिले होते. कर्ज हा व्यवहार झाला, त्याबद्दल उपकार मानण्याचे कारण नाही. पण पट्टी स्वस्त झाली ती ज्यांच्या पैशाने, त्यांची नोंद कोणत्या खतावणीत आहे? ती ४८ टक्क्यांत नाही. राष्ट्रनिहाय उत्सर्जन मोजण्याची जी पद्धत जगाने स्वीकारली आहे, तीत पूर्व जर्मनीच्या बेकारीचे श्रेय जमेस धरले जाते, झांजियांगला गेलेल्या अमोनियाचेही धरले जाते, आणि जगातल्या कोट्यवधी छपरांवर चढलेल्या पट्टीचे धरले जात नाही. वही उदार आहे ती नको तेथे, आणि कृपण आहे तीही नको तेथेच.

स्वतः जर्मनीला या औदार्याचे काय मिळाले हे पाहावयाचे तर सॅक्सनीतील फ्राइबर्ग या गावी जावे. चांदीच्या खाणींचे हे जुने नगर. तेथील खाणप्रमुख हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने १७१३ साली वनशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. धातू वितळविण्यासाठी अरण्येच्या अरण्ये सरपणाला लागत होती हे पाहून, जंगल जेवढे वाढते तेवढेच तोडावे असा दंडक त्याने घालून दिला, आणि पुढे जगभर ज्याचा गजर झाला त्या शाश्वत विकासाच्या कल्पनेचे मूळ सामान्यतः येथेच दाखविले जाते. याच फ्राइबर्गमध्ये तीनशे वर्षांनी सौरपट्ट्यांचे कारखाने उभे राहिले. २०१७ साली सोलरवर्ल्ड ही कंपनी दिवाळखोरीत गेली. मायर बुर्गर या स्विस कंपनीने तेथे पुन्हा उत्पादन चालू केले, आणि २०२४ साली तेही बंद केले. चिनी मालाशी स्पर्धा झेपली नाही. शेअर आणि फेल यांनी हा कायदा रचला तो स्वदेशी उद्योग वाढावा याही हेतूने. वाढला तो उद्योग, परंतु दुसऱ्याच्या अंगणात. जर्मनीचा हेतू फसला आणि जगाचे काम झाले. आमचे प्राध्यापक ज्या जर्मनीची स्तुती करतात ती जर्मनी मला भेटली नाही. परंतु जिची ते स्तुती करावयाचे विसरले, तिच्यापुढे टोपी उतरविण्यास माझी हरकत नाही.

मागचे ऋण मान्य केल्याने पुढची वाट मात्र सोपी होत नाही. कार्बन-तटस्थतेची मुदत म्हणून ठरलेले २०४५ हे साल आले कोठून? काही तरुणांनी, आणि त्यांच्यासह बांगलादेश व नेपाळ येथील काही फिर्यादींनी, कार्ल्सरूहच्या घटना-न्यायालयात दाद मागितली. २०२१च्या एप्रिलअखेर न्यायालयाचा फैसला जाहीर झाला की, २०३०नंतरचा सारा भार पुढच्या पिढीच्या माथी मारणारा कायदा तिच्या स्वातंत्र्यावर घाला घालतो. परदेशी फिर्यादींच्या पदरी काही पडले नाही. परंतु सरकारने घाईघाईने मुदत २०५०वरून २०४५वर आणली आणि १९९०च्या तुलनेत २०३०पर्यंत ६५ टक्के घट असा टप्पा बांधला. अडीच वर्षांनी, २०२३च्या नोव्हेंबरात, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने हवामान-निधीत वळविलेले ६० अब्ज युरो घटनाबाह्य ठरवून काढून घेतले. एका पीठाने पंढरीस जाण्याचा हुकूम दिला आणि दुसऱ्याने वाटखर्च जप्त केला. तिजोरी रिकामी होताच विद्युत मोटारींचे अनुदान डिसेंबरात एका दिवसाच्या सूचनेने बंद झाले, आणि पुढील वर्षी त्या मोटारींची नोंदणी २७ टक्क्यांनी घसरली. २०२५च्या मार्चमध्ये ५०० अब्जांच्या कर्जनिधीसाठी राज्यघटना दुरुस्त करताना ग्रीन पक्षाच्या मतांची गरज पडली, तेव्हा १०० अब्ज हवामान-निधीला मिळाले आणि २०४५ हे साल घटनेच्या मजकुरात शिरले. घटनेत लिहिलेले सर्व काही घडते अशी समजूत बाळगणारा माणूस भारतात तरी मिळणार नाही.

राहिलेले काम विजेचे कमी आणि घरांचे, रस्त्यांचे, भट्ट्यांचे अधिक आहे. पोलादाचे पाहा: आर्सेलरमित्तल कंपनीने ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनश्टाट येथील कोळशाच्या भट्ट्या बदलण्याची योजना २०२५च्या जूनमध्ये सोडून दिली, सुमारे सव्वा अब्ज युरोंचे अनुदान मंजूर असूनही सोडली, कारण विजेचा भाव परवडेना. उत्तरेच्या सागरकाठचा वारा दक्षिणेतील कारखान्यांपर्यंत नेणारी सुमारे ७०० किलोमीटरची झ्युडलिंक पारेषण वाहिनी बव्हेरियाच्या हट्टापायी जमिनीखालून न्यावयाचे ठरले आणि कामाला कैक वर्षांचा विलंब झाला. शून्याच्या हिशेबात उरलेसुरले उत्सर्जन पोटात घेण्याचे काम ज्या अरण्यांवर सोपविले होते, ती २०१८पासूनच्या अवर्षणात आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या धाडीत हार्त्सच्या डोंगरांवर उभीच्या उभी वाळली. २०२४च्या राष्ट्रीय वनगणनेने दाखविले की, २०१७नंतर जर्मन अरण्यांतील कार्बनचा साठा वाढण्याऐवजी घटला आहे. १८६४ साली हिंदुस्थानातील जंगलखात्याचा पहिला मुख्याधिकारी म्हणून जो डीट्रिख ब्रांडिस नेमला गेला तो बॉनचा होता. ज्या राष्ट्राने आम्हाला जंगल मोजावयास शिकविले, त्याच्याच जंगलाची मोजदाद आज तुटीत निघावी!

घरांच्या बाबतीत मात्र झिन यांचे भाकीत अशा जागी खरे ठरले, जेथे त्यांनी स्वतः पाहिलेही नव्हते. २०२३ साली सरकारने कायदा आणला की, यापुढे बसणाऱ्या नव्या तापनयंत्राने ६५ टक्के उष्णता नवीकरणीय स्रोतांतून घ्यावी. वृत्तपत्रांनी काहूर उठविले, आघाडीत यादवी माजली, महिनोन् महिने कायदा अर्धवट लोंबकळत राहिला. आणि उद्या बंदी येणार या धास्तीने लोकांनी त्याच वर्षी वायूचे बॉयलर धडाधड बसवून घेतले, जे आता वीस-पंचवीस वर्षे तळघरात जळत राहतील. बॉयलरची जागा घेणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या हीट पंपांचा खप २०२३ साली ३ लाख ५६ हजार होता, तो २०२४ साली १ लाख ९३ हजारांवर उतरला. सरकारने धरले होते वर्षाला पाच लाख. भविष्यातील बंदीची दवंडी वर्तमानातील ज्वलन वाढविते हे झिन यांचे सूत्र अरबस्तानच्या शेखाने सिद्ध केले की नाही याचा वाद अर्थवेत्ते घालोत. जर्मन घरमालकाने मात्र ते निःसंशय सिद्ध करून दाखविले.

तेव्हा माझा निकाल असा. विजेच्या बाबतीत जर्मनीने बोलल्याप्रमाणे बरेचसे करून दाखविले आहे, आणि त्यातले उत्तम ते तिच्या वहीत न मावणारे आहे. २०३०चा ६५ टक्क्यांचा टप्पा ती कदाचित मंदीच्या मदतीने काठावर गाठील. २०४५ साली शून्य ती गाठणार नाही. आजच्या गतीने तर मुळीच नाही. कारण जे उरले आहे ते कारखानदारांकडून काढून घ्यावयाचे नसून मतदाराच्या तळघरातून आणि मोटारीतून काढून घ्यावयाचे आहे, आणि त्या दारापाशी येताच तेव्हाच्या तीन पक्षांच्या आघाडी सरकारचे पाय लटपटले. वाहतुकीचे उत्सर्जन १९९० साली १६३ दशलक्ष टन होते, २०२४ साली १४३ दशलक्ष टन; चौतीस वर्षांत वीस दशलक्षांची घट. कायद्याने प्रत्येक खात्याला स्वतंत्र मर्यादा घालून दिलेली होती आणि वाहतूक खाते ती वारंवार ओलांडीत होते, म्हणून २०२४च्या एप्रिलमध्ये त्या खात्याच्या मंत्र्यांनी शनिवार-रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागतील असा धाक घातला; लगोलग संसदेने मोटारी चालू ठेवल्या आणि खातेनिहाय मर्यादा सैल केल्या. जर्मनीच्या द्रुतगती मार्गांवर सरसकट वेगमर्यादा आजही नाही.